अस्कची जमीन आणि क्लेअरची एलिझाबेथ : शोधाच्या नोंदी

४ मे २०२४, केंब्रिज

लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या आईला दुपारी दीड ते चार एवढाच स्वतःचा वेळ मिळतो, तोही नात झोपली तर. काल तो मिळाला म्हणून नदीकडे चालत गेले. क्लेअर कॉलेजच्या दारात त्यांच्या बोधचिन्हापाशी पाय थांबले. ढालीच्या डाव्या अर्ध्यात सोनेरी जमिनीवर तीन लाल टोकदार कमानी, उजव्या अर्ध्यात तशाच सोनेरीवर लाल क्रूस, आणि भोवती काळा काठ. त्या काठावर सोनेरी थेंब आहेत. ते अश्रू आहेत असं म्हणतात.

घरी येऊन पाहिलं. कमानी क्लेअर घराण्याच्या, क्रूस द बर्ग घराण्याचा. नवराबायकोची चिन्हं एका ढालीत मांडताना नवऱ्याचं पाहणाऱ्याच्या डावीकडे आणि बायकोचं उजवीकडे, ही तिथली रीत. इथे उलटं आहे. बाईचं माहेर आधी, सासर नंतर.

बाई कोण? एलिझाबेथ, जन्म १६ सप्टेंबर १२९५, मृत्यू ४ नोव्हेंबर १३६०. तीन नवरे झाले, तिन्ही गेले. सत्ताविसाव्या वर्षी शेवटचं वैधव्य आलं, पुढची अडतीस वर्षं एकटीनं कारभार केला. १३२६ साली निघालेलं आणि पैशावाचून रखडलेलं 'युनिव्हर्सिटी हॉल' तिनं १३३८ मध्ये हाती घेतलं. त्याचंच हे क्लेअर कॉलेज.

महसूल खात्यात एकतीस वर्षं काढून मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. वारस नोंदी इतक्या पाहिल्यात की कुणाचं नाव वाचलं की आधी मनात येतं, हिच्या नावावर काय होतं आणि ते कुठून आलं. तेव्हा हिची वंशावळ तशीच काढायची ठरवलं. राजेराण्यांच्या याद्या राहू देत, एक गट धरायचा आणि तो कुणाकडून कुणाकडे गेला ते बघायचं. वेल्समधलं अस्क निवडलं. ते तिच्याकडे होतं, तिच्याकडून हिसकावलं गेलं आणि परत आलं. वादातल्या जमिनीचे कागद जास्त सापडतात.

७ मे

पहिलाच दिवस फुकट गेला. इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत 'एलिझाबेथ द बर्ग' शोधलं तर एक बाई स्कॉटलंडची राणी, तीच केंब्रिजची संस्थापक आणि तीच राजपुत्राची बायको! जन्म १२९५, लग्न १३०२. सातव्या वर्षी राणी झाली की काय?

संध्याकाळपर्यंत गुंता सुटला. एकाच नावाच्या तिघी आहेत. एक आयर्लंडमधल्या अल्स्टरचा अर्ल (म्हणजे बडा सरदार) रिचर्ड द बर्ग याची मुलगी, रॉबर्ट ब्रूसची राणी, १३२७ मध्ये वारलेली. दुसरी आपली, जन्मानं क्लेअर, पहिल्या लग्नानं द बर्ग. तिसरी आपल्या एलिझाबेथची नात, जन्म १३३२.

आपली एलिझाबेथ राणी एलिझाबेथची कोण? इंग्रजी पुस्तकात 'सिस्टर-इन-लॉ' असं लिहिलंय. त्यावरून काही कळत नाही. आपल्या भाषेत मांडलं आणि लख्ख दिसलं. १३०८ साली साटंलोटं झालं. क्लेअरांच्या गिल्बर्टला द बर्गांची मॉड दिली, आणि गिल्बर्टची बहीण एलिझाबेथ मॉडच्या भावाला, जॉनला दिली. म्हणजे मॉड ही एलिझाबेथची नणंदही आणि भावजयही. राणी एलिझाबेथ ही मॉडची बहीण, म्हणून तीही नणंद. आणि गिल्बर्ट व रॉबर्ट ब्रूस हे चक्क साडू! २४ जून १३१४ ला बॅनकबर्नच्या लढाईत गिल्बर्ट पडला तो साडूच्या सैन्याविरुद्ध लढताना.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, हे तू आम्हाला लग्नाच्या हॉलमध्ये नातेवाईक ओळखायला लावायचीस ना, तसंच आहे."

१२ मे

बापाकडची बाजू वर चढवली. सोपी आहे, पण घसरडी.

सुरुवात रिचर्डपासून. हा नॉर्मंडीतून, इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमबरोबर आलेला. १०८६ च्या डूम्सडे नावाच्या जमीन पाहणीत सफोकमधलं क्लेअर याच्या नावावर आहे. तो स्वतःला 'फिट्झ गिल्बर्ट' म्हणवतो, म्हणजे गिल्बर्टचा मुलगा. बापाचं नाव लावायची रीत आपल्याला नवी नाही. पुढच्या पिढ्या 'द क्लेअर' झाल्या, म्हणजे क्लेअरकर. आडनाव असं गावावरून आलं, हे मला फार जवळचं वाटलं.

मग गिल्बर्ट (मृत्यू १११७), रिचर्ड (११३६, वेल्श लोकांनी मारला), त्याचा मुलगा रॉजर (११७३), मग रिचर्ड (१२१७), गिल्बर्ट (१२३०), रिचर्ड (१२६२), गिल्बर्ट (१२९५), गिल्बर्ट (१३१४). आजोबांचं नाव नातवाला. कोकणातल्या कुलवृत्तांतांत हेच चालतं, आणि तिथेही पाचव्या पिढीला वाचणाऱ्याचं डोकं फिरतं.

वर 'तिसरा अर्ल', 'सातवा अर्ल' असे आकडे येतात, पण ते पुस्तकागणिक बदलतात. कुणी हर्टफर्डची अर्लकी मोजतं, कुणी ग्लॉस्टरची, कुणी मधल्या जावयांना धरतं. आकडे टाकून दिले. माझ्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे फक्त मृत्यूचं साल. तलाठ्याच्या दप्तरात एका गावात चार 'पांडुरंग विठोबा' असले की आम्ही हेच करायचो.

१६ मे

अस्क या नऊजणांच्या रांगेत खालपर्यंत सरळ आलेलंच नाही! दोन दिवस मी ते रॉजरच्या नावाखाली शोधत होते.

१११७ मध्ये वारलेल्या गिल्बर्टला मुलगे बरेच. थोरल्या रिचर्डकडे क्लेअर गेलं. धाकटा, त्याचंही नाव गिल्बर्टच, पेम्ब्रोकचा अर्ल झाला आणि ११४८ मध्ये वारला. वेल्सच्या सीमेवरचा मुलूख या धाकट्या शाखेकडे. त्याचा मुलगा रिचर्ड, ज्याला सगळे 'स्ट्राँगबो' म्हणतात. हा आयर्लंडमध्ये उतरला आणि लेन्स्टरच्या राजा डर्मटची मुलगी ईफा हिच्याशी लग्न केलं. ११७६ मध्ये तो वारला, मुलगा अज्ञान असतानाच गेला, सगळं मुलीकडे आलं. ती इझाबेल. तिचा नवरा विल्यम मार्शल.

मार्शलला पाच मुलगे, पाच मुली. बाप १२१९ मध्ये गेला. पाच मुलगे एकामागून एक अर्ल झाले आणि एकामागून एक निपुत्रिक वारले. १२४५ ला शेवटचा गेला. मग मुलींमध्ये वाटप झालं, आणि ज्या वारल्या होत्या त्यांच्या जागी त्यांची मुलं उभी राहिली. थोरल्या शाखेतल्या गिल्बर्टची (मृत्यू १२३०) बायको इझाबेल मार्शल ही त्या पाचांतली. तिच्या हिश्शात आयर्लंडमधलं किलकेनी आणि वेल्समधलं अस्क.

म्हणजे अस्क क्लेअरांच्या धाकट्या शाखेतून लेकीकडे, लेकीच्या लेकीकडे, आणि लग्नातून परत क्लेअरांच्याच थोरल्या शाखेत आलं. एलिझाबेथ १११७ च्या गिल्बर्टची दोन वाटांनी वंशज ठरते. एक वाट सगळी पुरुषांची, दुसरीत दोन इझाबेला. अस्क आलं ते दुसऱ्या वाटेनं.

वंशवृक्षाच्या संगणकी कार्यक्रमात हे भरलं तर तो एकाच गिल्बर्टची दोन माणसं करायला निघाला. वहीच बरी. कागद उलटा धरून दोन रेघा एका नावाशी जोडल्या.

१९ मे

नात रात्रभर जागी. आज एवढंच:

१२१७ मध्ये वारलेल्या रिचर्डची बायको अमिसिया, ग्लॉस्टरच्या अर्लची मुलगी. तिचे आजोबा रॉबर्ट हे पहिल्या हेन्री राजाचे अनौरस पुत्र. एलिझाबेथची आई पहिल्या एडवर्डची मुलगी, म्हणजे ती हेन्रीची औरस मुलगी माटिल्डा हिच्या वंशातली. माटिल्डा गादीसाठी लढली तेव्हा तिच्या बाजूनं उभा राहिलेला हा सावत्र भाऊ रॉबर्ट. दोघं बहीणभाऊ एलिझाबेथच्या तक्त्यात दोन टोकांना.

२२ मे

आईकडची बाजू. आईचं नाव वाचलं 'एकरची जोन' आणि खरं सांगते, क्षणभर मी क्षेत्र शोधायला लागले. किती एकर? सवय जात नाही. एकर हे भूमध्य समुद्राकाठचं शहर. पहिला एडवर्ड धर्मयुद्धावर असताना १२७२ मध्ये ही तिथे जन्मली. तिची आई कॅस्टिलची एलिनॉर.

जोनचं लग्न १२९० मध्ये 'लाल' गिल्बर्टशी (मृत्यू १२९५), म्हणजे एलिझाबेथच्या बापाशी, झालं. तो सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचा, ती अठरा. त्याचं हे दुसरं लग्न. पहिलं अ‍ॅलिस द लुसिन्यांशी, १२८५ मध्ये रद्दबातल ठरलेलं. पहिल्या लग्नाच्या दोन मुली होत्या, इझाबेल आणि जोन.

आता राजानं काय केलं पाहा. लग्नाआधी गिल्बर्टच्या सगळ्या जमिनी सरकारजमा करून घेतल्या. लग्नानंतर त्या परत दिल्या, पण नवराबायकोच्या संयुक्त नावावर, आणि वारस कोण तर या दोघांची मुलं. ती नसतील तर जोनचे वारस. एका फेऱ्यात पहिल्या दोन मुली साफ बाहेर. कज्जा नाही, आरडाओरडा नाही. माझ्या नोकरीत मी दुसऱ्या लग्नाची कितीतरी घरं पाहिली, पण इतकं स्वच्छ काम एकाही वकिलानं केलेलं पाहिलं नाही.

जोनचा हा पहिला नवरा १२९५ च्या डिसेंबरात वारला तेव्हा एलिझाबेथ तीन महिन्यांची. जोननं १२९७ मध्ये बापाला न विचारता नवऱ्याच्या पदरच्या राल्फ द मॉन्थर्मर नावाच्या साध्या माणसाशी गुपचूप लग्न केलं. राजा संतापला, राल्फला कैदेत टाकलं, मग निवळला. हे वंशावळीत कुठे बसत नाही. मला आवडलं म्हणून लिहून ठेवते.

२५ मे, शनिवार

जावई म्हणाले, "आई, तुमचं क्लेअर गाडीनं फार लांब नाही, जाऊन येऊ." नातीसकट गेलो.

किल्ला म्हणजे एक उंच मातीचा उंचवटा आणि माथ्यावर भिंतीचा एक तुकडा. वाट गोल फिरत वर जाते. खाली किल्ल्याच्या आवारातच जुनं रेल्वे स्टेशन आहे. १८६५ मध्ये रूळ तटबंदी फोडून आले, १९६७ मध्ये गाडी बंद झाली, आता बाग. एलिझाबेथचा सगळा संसार इथे होता. शेकड्यानं माणसं, सोनार, ससाणे सांभाळणारे, बेकरी, दारूभट्टी. बाकावर बसून सँडविच खाल्लं.

नदीपलीकडे मठ. एलिझाबेथच्या आजोबांनी १२४८ मध्ये ऑगस्टिनी साधूंना इथे बसवलं. आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद पडला, १९५३ मध्ये साधू परत आले. १३०७ मध्ये वारलेल्या जोनला इथल्या चर्चमध्ये पुरलं. चर्चचं छप्पर गेलेलं, भिंत उभी, मधे हिरवळ. थडगं काही दिसत नाही. मी हिरवळीवर उगीच बाजूबाजूनं चालले.

३० मे

आज खरं माझं काम. १३१४ चा वारस तपास.

पद्धत ओळखीची निघाली. मोठा जमीनदार वारला की राजाकडून प्रत्येक काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, अधिकाऱ्याला हुकूम जायचा. त्यानं गावातले पंच बोलवायचे, शपथेवर विचारायचं: मयताची जमीन कुठली, कुणाच्या वतीनं धारण केली, उत्पन्न किती, मेला कधी, जवळचा वारस कोण, वय किती. जबाब गुंडाळीवर. यांचे सारांश आता छापील आणि ऑनलाइन आहेत. वाचताना मला ऑफिसातल्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

बॅनकबर्नला पडलेल्या गिल्बर्टला मूल नव्हतं. सख्ख्या बहिणी तीन, एलिनॉर, मार्गारेट आणि एलिझाबेथ. तिघींत समान वाटप व्हायचं. पण विधवा मॉड म्हणाली, मला दिवस गेलेत. ठीक, नऊ महिने थांबा. नऊ झाले, वर्ष झालं, दोन झाली. बॅनकबर्न १३१४ मध्ये आणि वाटप १३१७ च्या नोव्हेंबरात! मॉडचं बाळ कधी आलंच नाही. राजालाही घाई नव्हती, तोवर उत्पन्न त्याच्याकडे येत होतं. बहिणींचे नवरे मात्र दर महिन्याला राजाच्या दारात.

माझं लक्ष दुसरीकडे अडकलं. काही काउंटींच्या पंचांनी तिसरी बहीण 'इझाबेल' लिहिली आहे. त्या काळी इझाबेल आणि एलिझाबेथ ही नावं एकमेकांच्या जागी पडायची. पण इथे खरीखुरी इझाबेल होती ना! लाल गिल्बर्टची पहिल्या लग्नाची मुलगी, १२९० च्या कागदानं बाहेर काढलेली. एका नावाच्या चुकीनं ती आत येऊ शकत होती. तपास नुसत्या स्पेलिंगवर अडला नसेल हे मी पैजेवर सांगते. अशा वेळी कुणीतरी मागून ढकलत असतं.

वयांतही फरक आहे. एका काउंटीत एक आकडा, दुसरीत दुसरा. 'एवढी वर्षे व अधिक' असा शेवट असला की समजायचं, पंचांनी अंदाजानं सांगितलं आणि कारकुनानं जपून लिहिलं. वय पक्कं धरायचं नाही. तक्त्यात जन्मसाल घेतलं ते इतर नोंदींवरून.

३ जून

मोठी चूक होता होता वाचली.

जॉन द बर्ग १३१३ मध्ये वारला. वाटपासाठी एलिझाबेथला आयर्लंडहून बोलावून ब्रिस्टलच्या किल्ल्यात ठेवलं. ४ फेब्रुवारी १३१६ ला थिओबाल्ड द व्हर्डन यानं तिला तिथून काढून नेऊन लग्न लावलं. राजापुढे तो म्हणाला, आमचं आयर्लंडमध्येच ठरलं होतं, ती आपण होऊन आली. तिचा जबाब कुठे नाही. वारसदार बाईची किंमत तेव्हा किती होती हे या एका वाक्यात कळतं. २७ जुलै १३१६ ला थिओबाल्डही वारला. त्याच्यामागे मुलगी झाली, इझाबेला, २१ मार्चला, एम्सबरीच्या मठात.

कुठल्या वर्षीचा २१ मार्च? एका जुन्या वंशावळीत '२१ मार्च १३१६' आहे. लग्नानंतर दीड महिन्यात मूल? मी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं आणि नको ते विचार करत बसले.

मग ट्यूब पेटली. इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. २१ मार्च म्हणजे जुन्या वर्षाचा शेवटचा आठवडा. त्यांचं १३१६ म्हणजे आपलं १३१७. ताळा राजशकानं केला. दुसरा एडवर्ड ८ जुलै १३०७ ला गादीवर आला, त्याचं दहावं वर्ष जुलै १३१६ ते जुलै १३१७, त्यातला मार्च एकच. शुहूर सन आणि शकाचा मेळ घालताना जंत्री शेजारी ठेवतात, तसं मी आता वहीच्या पुठ्ठ्यावर एडवर्डांच्या सगळ्या वर्षांचं कोष्टक चिकटवलंय. बाप मेल्यावर आठव्या महिन्यात जन्मलेली मुलगी, सगळं बरोबर. व्हर्डनच्या जमिनीचे चार वाटे झाले. पहिल्या बायकोच्या तीन मुली आणि ही.

बाळंतीण उठते न उठते तोच, त्याच वसंतात, राजानं तिचं तिसरं लग्न आपल्या मर्जीतल्या रॉजर डॅमरीशी लावलं. एक मुलगी झाली, एलिझाबेथ, पुढे बार्डॉल्फांकडे दिलेली.

१३ जून, लंडन

क्यूचं राष्ट्रीय अभिलेखागार. लेकीनं वाचकपत्राचं सगळं आधी करून ठेवलं होतं. आत फक्त पेन्सिल, पिशवी बाहेर. एलिझाबेथच्या घरखर्चाच्या गुंडाळ्या इथे आहेत, वर्गीकरण ई १०१. फोमच्या उतरत्या ठोकळ्यांवर गुंडाळी ठेवतात, कडेला वजनं लावतात.

लॅटिन मला येत नाही, आणि ही लिपी आली तरी निम्मे शब्द तोडलेले. मोडी शिकताना पहिला महिना असाच गेला होता. उभ्या रेघांचं जंगल, आणि त्यातून एकदम एक ओळखीचं नाव डोकं वर काढतं. तासाभरानं 'क्लेअर' वाचता आलं, पुढे आकडे, मग पाव आणि वाईन. वंशावळीला याचा उपयोग तज्ज्ञांनी करून ठेवलाय: जेवायला कोण आलं ते रोजच्या खर्चात असतं, आणि लेक, नात, मैत्रीण किती वेळा आली ते त्यातून निघतं. पेम्ब्रोकची काउंटेस, म्हणजे पेम्ब्रोक कॉलेज काढणारी मारी, ही जिवाभावाची मैत्रीण.

मला स्वतःला काही नवं सापडलं नाही. पण चामड्याचा वास हातांना घरी येईपर्यंत होता.

१८ जून

अस्कवर परत.

१३१७ च्या वाटपात अस्क एलिझाबेथच्या हिश्शाला. थोरली बहीण एलिनॉर हिचा नवरा धाकटा ह्यू डिस्पेन्सर, म्हणजे आपल्या भाषेत दाजी. त्याच्या वाट्याला ग्लॅमॉर्गन आलं, शेजारचंच. पण त्याला सलग पट्टा हवा होता. त्याच्यावर सरदार उठले, त्यांत डॅमरीही होता. १३२२ च्या मार्चमध्ये डॅमरी बंडातच मेला. एलिझाबेथला अस्कमध्ये मुलांसकट पकडलं आणि बार्किंगच्या मठात ठेवलं.

मग सुटका, पण कशाच्या बदल्यात? अस्क दाजीला दे, बदल्यात गॉवर घे. गॉवरचं उत्पन्न कमी. ती नको म्हणाली असावी, कारण पुढे तिला यॉर्कला बोलावून अडकवून ठेवलं, तिच्या सल्लागारांना तिच्यापासून तोडलं आणि सांगितलं, कागदावर शिक्का मार नाहीतर कुठलीच जमीन राहणार नाही. तिनं मारला. नंतर गॉवरवर दुसऱ्याकडून दावा लावून तेही काढून घेतलं आणि ते फिरून डिस्पेन्सरकडेच गेलं.

हे सगळं आपल्याला कसं कळतं? तिनं १३२६ मध्ये, डिस्पेन्सर पूर्ण जोरात असताना, गुपचूप एक निवेदन लिहून ठेवलं: हे मी धाकानं केलं, संधी मिळेल तेव्हा मी माझं मागेन.

मी वाचता वाचता उठून पाणी प्यायले. माझ्यासमोर किती बायांनी हक्कसोडपत्रावर अंगठे दिले असतील! 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' हे वाक्य छापीलच असतं. मी प्रत्येकीला विचारायची, "ताई, मनापासून ना?" भाऊ शेजारी उभा. ती मान हलवायची. मी सही करायची. त्यांतल्या एकीनंही असं काही मागे लिहून ठेवलं असेल तर ते माझ्या दप्तरात नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्पेन्सर हेरफर्डला फासावर गेला. एलिझाबेथला अस्क परत मिळालं. पुढे ती तिथे जाऊन राहायची.

आणि निवेदनाची प्रत टिकली कुठे? तिच्या घरात नाही, मॉर्टिमर घराण्याच्या कागदपत्रांच्या संग्रहवहीत. मॉर्टिमरांकडे का? ते खाली उतरताना.

२४ जून

खाली उतरले. जॉन द बर्गपासूनचा मुलगा विल्यम, अल्स्टरचा अर्ल, १३३३ मध्ये त्याच्याच माणसांनी मारला, वय एकवीसच्या आत. मागे एक तान्ही मुलगी, तिसरी एलिझाबेथ. सातबाऱ्यावर अशा नावापुढे आम्ही 'अ.पा.क.' लिहितो, अज्ञान पालनकर्ता. इथे पालनकर्ता राजा. तिसऱ्या एडवर्डनं १३४२ मध्ये तिचं लग्न आपल्या मुलाशी, लायनेलशी लावलं. नवरी दहा वर्षांची, नवरा चारही पुरे न झालेला. अल्स्टर आज, आणि आजी गेल्यावर क्लेअरांचा वाटा, असा दूरचा हिशेब.

आजी १३६० मध्ये गेली, नात १३६३ मध्ये. राहिली तिची एकुलती एक मुलगी फिलिपा. ती मार्चच्या अर्लला, एडमंड मॉर्टिमरला दिली. अस्क मॉर्टिमरांकडे गेलं आणि जमिनीबरोबर जमिनीचे जुने कागदही. निवेदनाची प्रत त्यांनी हौसेनं ठेवलेली नाही. ती त्यांच्या मालकीचा पुरावा होती.

फिलिपाचा मुलगा रॉजर (१३९८ मध्ये आयर्लंडात मारला गेला), त्याची मुलगी अ‍ॅन. अ‍ॅनचा भाऊ एडमंड १४२५ मध्ये निपुत्रिक वारला, तोवर अ‍ॅन जाऊन तेरा वर्षं उलटून गेली होती, म्हणून सगळं तिच्या मुलाला, यॉर्कच्या ड्यूक रिचर्डला. त्याचा मुलगा चौथा एडवर्ड १४६१ मध्ये राजा झाला, आणि अस्क राजाच्या खात्यात. यॉर्क घराण्यानं गादी मागितली ती याच फिलिपाच्या नात्यावर.

स्ट्राँगबोपासून इथवर अस्क किती वेळा बाईच्या नावानं पुढे सरकलं ते मोजलं: स्ट्राँगबोची इझाबेल, मार्शलची इझाबेल, आपली एलिझाबेथ, तिची नात, फिलिपा, अ‍ॅन. सहा. आणि यांतल्या अ‍ॅनच्या हातात ते कधी आलंही नाही.

२९ जून

उरलेल्या मुलींचं काय म्हणून सहज पाहिलं. डॅमरीची मुलगी बार्डॉल्फांकडे. एलिझाबेथच्या १३५५ च्या मृत्युपत्रात ती आहे. व्हर्डनची इझाबेला १३४९ मध्ये, महामारीच्या वर्षी, आईआधी गेली. ती ग्रोबीच्या हेन्री फेरर्सला दिली होती. तिच्या वंशात विल्यम, हेन्री, विल्यम, मग नात एलिझाबेथ फेरर्स, ती ग्रे घराण्यात. तिचा मुलगा सर जॉन ग्रे, १४६१ मध्ये सेंट ऑल्बन्सच्या लढाईत पडला.

इथे मी थांबले. जॉन ग्रेची बायको एलिझाबेथ वुडव्हिल. विधवा झाल्यावर तिनं १४६४ मध्ये दुसरं लग्न केलं चौथ्या एडवर्डशी.

दोन रेघा ओढून पाहिल्या. पहिला नवरा आपल्या एलिझाबेथच्या व्हर्डनकडच्या मुलीच्या वंशातला. दुसरा तिच्या द बर्गकडच्या मुलाच्या वंशातला. दोन्ही सासरं एकाच बाईतून निघालेली. रात्री अकराला लेकीला उठवून दाखवलं. "आई, बाळ आत्ता झोपलंय," एवढंच म्हणाली. पण वही हातात घेऊन वाचत बसली.

पहिल्या लग्नाच्या बाजूनं पुढे गेलं तर नऊ दिवसांची राणी जेन ग्रे. दुसऱ्याच्या बाजूनं आठवा हेन्री. वहीची पानं संपत आली, तिथे गेले नाही.

३ जुलै

परवाचं विमान. शेवटच्या पानावर राहिलेली कामं: इझाबेल, म्हणजे १२९० मध्ये बाहेर काढलेली सावत्र बहीण. १३१६ मध्ये तिचं मॉरिस बर्कलीशी लग्न झालं, पन्नाशी उलटल्यावर. १३१६ च का? वाटप अडलेलं असताना, पंचांच्या जबाबात 'इझाबेल' नाव फिरत असताना? बर्कलीला काय आशा होती? हे बघायचं. सारांश पुण्यातूनही उघडतात.

सकाळी लेक नातीच्या जन्मनोंदीचा दाखला घेऊन आली. आईच्या रकान्यात नाव, आणि खाली वेगळ्या ओळीत माहेरचं आडनाव. मी चष्मा लावून स्पेलिंग तपासलं. बरोबर होतं.